गवतातला नांगर

सुरतेत तापीच्या तळाशी गवत इतकं माजलंय, की होडीचा नांगर नुसता घसरत जातो. म्हणून धर्मेंद्र बुडी मारायचा, गवत बाजूला सारून नांगराचं टोक हाताने चिखलात रोवायचा आणि नांगर पक्का बसला, की खालून दोर दोनदा ओढायचा. होडीत दोर धरून बसलेली त्याची बायको जयश्री लगेच ओरडायची, "कळलं! या वर."

होळीच्या आदल्या दिवशी तो त्या गवतात अडकला. पुष्कळ शोधलं, पण सापडला नाही.

मग त्याच्या धाकट्या भावाने, लोटूने, पांडेसऱ्याच्या वेल्डिंगवाल्याकडून जड, अणकुचीदार नांगर करून आणला. आज तो पहिल्यांदाच पाण्यात सोडला. होडी जराशी सरकली आणि जागीच थांबली.

"बघा वहिनी, गवतातसुद्धा कसा पक्का बसला! आता टेन्शन नाही, कुणाला खाली उतरायलाच नको," लोटू खुशीत म्हणाला.

जयश्रीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तिच्या मुठीतला दोर खालून कुणीतरी दोनदा ओढला होता.



"कळलं," ती पाण्यावर वाकून हळूच म्हणाली, "या ना आता वर."