कप्तानांचा धक्का

कप्तानांचं घर दिसायला लागलं तसा होडीवाला ताडपत्रीखाली शिरला. ठरलंच होतं तसं. सुकाणूचा दांडा त्याने खालून धरला, घड्याळजीने वरून. बाहेर दिसावं म्हणून टेलरने ताडपत्रीला डोळ्यापुरतं काज करून दिलं होतं. नुसतं भोक पाडून भागलं असतं, पण टेलरला ते पटेना. कडेने टाके घातले नाहीत तर उसवतं आणि नाव आपलं जातं, असं त्याचं म्हणणं होतं.

घड्याळजीला कप्तानांच्या मुलीशी लग्न करायचं होतं. मुलीची काही हरकत नव्हती. प्रश्न कप्तानांचा होता. उभा जन्म जहाजावर काढून ते खाडीच्या टोकाला घर बांधून राहिले होते. जहाजावरचं जुनं घड्याळ दुरुस्तीला घेऊन ते दुकानात आले, तेव्हा त्यांनी सहज विचारलं की होडी वगैरे येते का चालवता. घड्याळजी म्हणाला, लहानपणापासून. लहानपणापासून तो होडीत बसलासुद्धा नव्हता. कप्तान नुसते 'हं' म्हणाले. मग रविवारी होडी घेऊनच घरी ये, म्हणाले, लग्नाला हो की नाही ते धक्क्यावर सांगतो.

म्हणून सकाळीच पुलाखालून निघून तिघं मित्र दिवसभर खाडीतून चालले होते. मिठागरं गेली, खारफुटी गेली. टेलरने पाव आणि उकडलेली अंडी काढली, पण घड्याळजीने आपला वाटा होडीवाल्याला देऊन टाकला. प्लंबर दिवसभर होडीच्या तळाला कान लावून गळती शोधत होता. ती सापडली नाही म्हणून तो जरा नाराज होता. होडीवाल्याकडून त्यांनी आईची शपथ घेतली होती, की काहीही झालं तरी होडी आपण चालवली असं कुणाला सांगायचं नाही. शब्द म्हणजे शब्द, असं होडीवाला म्हणाला होता.

धक्क्यावर कप्तान दुर्बीण लावून उभे होते. शेजारी मुलगी. एवढा मोठा दर्यावर्दी आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर होडीवाल्याला ताडपत्रीखालीच चेव आला. त्याने इंजिन लांबूनच बंद केलं. होडी अंगात आल्यासारखी वळली आणि धक्क्याला अशी अलगद टेकली, की प्लंबरच्या कपातला चहाही हलला नाही.

कप्तानांनी दुर्बीण खाली घेतली. "नाही," ते म्हणाले.

घड्याळजीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"असं जहाज मीही धक्क्याला लावायचो," कप्तान म्हणाले. "असा हात असलेला माणूस घरात टिकत नाही. ही शाळेत जायला लागेपर्यंत मला काका म्हणत होती."

मुलीने मान डोलावली.

घड्याळजीने मग सगळं खरं सांगून टाकलं. आपल्याला होडीतलं ओ की ठो कळत नाही, हे सांगताना त्याला पहिल्यांदाच हलकं वाटलं. कप्तानांचा विश्वास बसला नाही. मुलीने सांगून पाहिलं, "बाबा, याला दुकानाचं शटर सरळ ओढता येत नाही." तरीही बसला नाही. शेवटी घड्याळजीने ताडपत्रीच उचलली.

घामाने निथळणारा होडीवाला उठून बसला. त्याने कप्तानांना नमस्कार केला. आपण पाहुणे आहोत, दुपारपासून डुलकी लागली होती, असं तो म्हणाला. होडी यांनीच आणली, हाताला काय गुण आहे, असंही म्हणाला. शब्द म्हणजे शब्द. कौतुकाने त्याने घड्याळजीच्या पाठीवर थापसुद्धा मारली.

कप्तान घराकडे वळले.

"थांबा," घड्याळजी म्हणाला. त्याने सगळ्यांना धक्क्यावर उतरवलं. होडीवाल्याला दंडाला धरून उतरवलं. मग त्याने इंजिन सुरू केलं आणि एकटाच निघाला.

होडी आधी मागे गेली. तिने स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली, मग एका बगळ्याच्या मागे लागली. बगळा उडाल्यावर दुसरं काही न सुचल्यासारखी ती सरळ धक्क्याकडे आली. घड्याळजी सुकाणू डावीकडे ढकलत होता आणि स्वतः उजवीकडे वाकत होता. टेलरने डोळे मिटले. प्लंबर पुढे सरकला, कारण आता गळती नक्की होती. होडीवाला ओठ चावत, आईला आठवत उभा होता.

होडी धक्क्यावर आदळली. फळी मोडल्याचा आवाज झाला.

"अरे माझी होडी!" होडीवाला ओरडला.

कप्तानांनी होडीवाल्याकडे पाहिलं. मग होडीकडे पाहिलं. तीत कुणी नव्हतं. ते धक्क्याच्या कडेला जाऊन वाकले. खाली पाण्यात घड्याळजी एका खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून होता.

"पोहता तरी येतं का?" कप्तानांनी विचारलं.

"नाही," खालून उत्तर आलं.

कप्तानांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा समाधान दिसलं. ते टेलर आणि प्लंबरकडे वळले.

"उभे काय राहिलात? जावईबापूंना बाहेर काढा."