नाळेतली अक्षरं

"लेकरू आजारी हाय," नानीबाई म्हणाली आणि मांडीवरचा नातू ओढणीखाली आणखी आत ओढला.

आकांक्षाचा पेन फॉर्मवर थांबला. ती रक्तपेढीतली नर्स. हिंगोलीपर्यंत एसटी, सेनगावपर्यंत जीप आणि तिथून तांड्यापर्यंत पायी, बाळ निरोगी आहे ना, एवढं एकच विचारायला ती आली होती. सहा महिन्यांपूर्वी नानीबाईची सून निलम शहरातल्या दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हा तिनं नाळेतलं रक्त दान केलं होतं. रक्तपेढीनं ते गोठवून ठेवलं होतं.

"काय होतं बाळाला?"

"सारखं तापतं. खाल्लेलं अंगी लागत न्हाई."

चुलीपाशी बसलेल्या निलमनं सासूकडं पाहिलं आणि लाकूड उगाच आत सारलं.

"आजी, नीट सांगा. आठ वर्षांच्या एका मुलीला रक्ताचा कॅन्सर आहे. या नाळेतल्या रक्तातल्या जनुकांचं अक्षर न् अक्षर यंत्रानं वाचलं. ते तिच्याशी जुळलं. दुसऱ्या कुणाचंच जुळत नाही. पण बाळ आजारी असेल तर तोच आजार या रक्तातही असू शकतो, मग तिला ते देता येणार नाही."

"आमच्या सात पिढ्यांत कुणाला अक्षर येत न्हाई. रक्तात कुठून आलं?" नानीबाईनं डोळे बारीक केले. "अन् पोरगी कुणाची?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"तुमी तिचं नावबी झाकता. मंग मी माझं लेकरू काहून उघडं करू?"

आकांक्षानं फॉर्म पुढं ओढला. तिनं 'आजारी' लिहायला घेतलं.

"ताई, थांबा," निलम म्हणाली. "आमच्यात तसंच सांगतात. चांगलं हाय म्हणलं की दिष्ट लागती."

"मग मी कुणाचं खरं धरू?"

निलम सासूकडं बघून पुन्हा चुलीकडं वळली.

"त्या पोरीची माय काय म्हणती?" नानीबाईनं एकदम विचारलं.

"रोज रक्तपेढीत फोन करते. मुलगी कशी आहे विचारलं की म्हणते, बरी आहे, खेळतेय."

"अन् पोरगी?"

"डॉक्टर सांगतात, अंथरुणातून उठत नाही."

"म्हंजी तीबी उलटंच सांगती," नानीबाई म्हणाली. मग तिनं ओढणी बाजूला केली. लेकराच्या मनगटाला वळ्या पडल्या होत्या. ते टकामका बघत होतं.

आकांक्षानं पिशवीतून वजनकाटा काढला. नानीबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"लिवा काय लिवायचं ते. पर मोठ्यानं वाचू नका."