ससा पळतो तोवर

“याची शेपूट कोनं तोडली वं?” बाबारावांनी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवलं. बोटाला मेथीची ओली माती होती.

दामिनीनं मान हलवली. “कादु,” ती म्हणाली.

आल्यापासून पोरगी एवढंच बोलत होती. हो म्हणायचं तर अवुनु, नाही म्हणायचं तर कादु. अमरची, त्यांच्या धाकट्या लेकाची मुलगी. वाढली मंचेरियलला, शाळा तेलुगू, शेजार तेलुगू. मराठी सगळी समजायची. पण दिवाळीत तिचा एक शब्द चुकला आणि चुलतबहीण हर्षाली घरभर तिची नक्कल करत फिरली. तेव्हापासून इथं आली की तिचं तोंड मिटायचं ते मिटायचंच. उद्या सकाळच्या बसनं अमर तिला न्यायला येणार होता. नात घरच्या बोलीत चार शब्द न बोलताच परत जाते की काय, हा घोर म्हाताऱ्याला लागला होता, आणि त्यांच्या बायकोला, प्रयागबाईला तो ठाऊक होता.

नवरा-बायको अंगणात वाखाच्या दोऱ्यानं मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. समोर दामिनी, मांडीवर शाळेतून आणलेलं तेलुगू पुस्तक, जगातल्या कुत्र्यांचं.

“कादु काय? तोडलीच हाय,” बाबाराव म्हणाले. “दारात सापडली असन.”

“तोडला नाही.” पोरगी थांबली. आजीकडं एकदा पाहिलं. “जनमला. तसाच जनमला.”

प्रयागबाईला हसू आलं होतं, ते तिनं पदराआड दाबलं. बाबाराव हसले नाहीत.

“अस्सं. म्हंजे आखूड शेपटीचं बिचारं. बकऱ्या राखत असन.”

“नाही आबा. शिकारी आहे.” दामिनी थोडी पुढं सरकली. “स्वीडनचा. स्मोलांड म्हणते त्या जाग्याला. जंगल आहे तिथं. बाहेरच्या देशात हा कुत्रा दिसतच नाही जास्त.”

“वाघ धरते?”

“वाघ नाही. कोल्हा धरते. आणि कुंदेलु.”

“कुंदेलु म्हंजे काय, बाई?”

प्रयागबाईचा हात वाखावरच थांबला. जन्मभर या तेलुगू मुलखात, गावच्या बोथच्या बाजारात या माणसानं तेलुगूतून भाजी विकली. गिऱ्हाइकाशी भाव तेलुगूत, भांडण तेलुगूत, आणि फारच चिडला तर शिव्याही तेलुगूत. त्याला कुंदेलु समजू नये?

पोरीला शब्द सापडेना. तिनं डोक्यावर दोन बोटं उभी केली.

“गाढव?”

“नाही.” ती खुदकन हसली. “छोटा. उड्या मारते. गाजर खाते.” मग एकदम, “ससा.”

“हां, ससा. मंग पाच-दहा कुत्रे मिळून घेरत असन त्याले.”

“एकटाच जाते. वास घेते आणि मागं मागं जाते. भुंकत जाते, आबा. तोंड बंदच नाही करत. शिकारी माणूस एका जाग्यावर उभा राहते आणि ऐकते. आवाज आला की त्याला समजते, कुत्रा कुठं आहे.”

एवढं लांब ती या घरात कधीच बोलली नव्हती. बाबारावांनी मान खाली घातली आणि बांधलेलीच जुडी पुन्हा बांधली.

“आपल्या काळ्यावानीच दिसते हे,” ते म्हणाले. “काळं आंग, डोयावर तांबूस ठिपके. पाह्य बरं, आपलाबी तिकडचाच असन.”

दामिनी पुस्तक घेऊन उठली. घरचा कुत्रा काळ्या भाजीच्या गाड्याखाली झोपला होता. ती त्याच्याजवळ बसली आणि एकदा चित्राकडं, एकदा त्याच्याकडं पाहू लागली.

प्रयागबाई नवऱ्याकडं वळली. “अवो, डोस्कं ठिकानावर हाय ना तुमचं? कुंदेलु माहीत नाई तुमाले? काऊन खोटं बोलून राह्यले लेकराशी?”

“हळू बोल.”

“तिले वाटन, आपला आबा बह्याड हाय.”

“वाटू दे.” त्यांनी गाड्याकडं पाहिलं. “आयकलं नाई तू? ससा पळते तोवरच कुत्रं आवाज देते. ससा बसला का समदं चिडीचूप.”

प्रयागबाईनं मान डोलावली. तिनं पुढची मेथी ओढली.

दामिनी परत आली. “काळ्याची शेपूट लांब आहे. तो स्वीडनचा नाही.”

“नसन,” बाबाराव म्हणाले. “बोथचाच हाय मंग.”

मग ते कुत्रं भाकर खाते का, पाण्यात उतरते का, मालकाले चावते का, सगळं विचारून झालं. पुस्तकात होतं ते दामिनीनं सांगितलं, नव्हतं ते मनानं सांगितलं. हर्षाली पाण्याचा हंडा घेऊन मधूनच गेली, तरी ती थांबली नाही.

शेवटी पान संपलं. “झालं,” म्हणून तिनं पुस्तक मिटलं.

बाबारावांनी काही आठवून पाहिलं. जवळचे सगळे प्रश्न संपले होते. अंगणात नुसता मेथी झटकल्याचा आवाज येत राहिला.

प्रयागबाईनं हातातली जुडी खाली ठेवली.

“काऊन वं दामिनी,” ती म्हणाली, “हे कुत्रं अंडे किती देते?”

पोरगी आ वासून बघत राहिली. मग इतकी हसली, की काळ्यानं झोपेतून मान वर केली.

“आजी, तुला तर काहीच माहीत नाही,” ती म्हणाली. मेथीचा ढीग ओलांडून ती प्रयागबाईच्या मांडीला टेकून बसली आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

बाबारावांनी वाखाचं टोक दातात धरलं होतं. ते काढून बायकोला हळूच म्हणाले, “पळ आता तू.”