शेवटच्या कडव्यातलं नाव

"थांबा!"

साधना उठून उभीच राहिली, तशी ढोलकीवाल्या संघर्षची थाप मध्येच तुटली. विहारातला पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. जयंती चार दिवसांवर आली होती आणि महागावच्या सामन्यात फुलसावंगीची गायन पार्टी नवं गाणं घेऊन उतरणार होती. गाणं साधनानं लिहिलं होतं. ब्लाउज शिवता शिवता, मापाच्या कागदांवर, तीन महिने, खोडून खोडून.

"आता काय झालं बाई?" पेटीवर बसलेल्या देवरावकाकांनी डोळे उघडले.

"शेवटच्या कडव्यात काय म्हटलं तुमी?"

"जे हाये तेच."

"मी लिवलं, 'साधना म्हणे, पाटी फुटली, अक्षर नाही फुटलं.' तुमी म्हटलं, 'देवराव म्हणे'."

कोरसमधल्या सात बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव घालायचं, ही या गाण्यांची जुनी रीत. लोक कडवी विसरतात, चाल विसरतात, नाव ध्यानात ठेवतात. लिहिणाऱ्याला तेवढंच मिळतं.

"तुहं नाव चालीत बसत नाही," काका म्हणाले.

"बसते." तिनं मांडीवर ताल धरून म्हणून दाखवलं. नीट बसलं. संघर्षची मान आपोआप हलली. काकांनी पाहिलं, तसा तो ढोलकीची दोरी ओढायला लागला.

"हे पाह्य पोरी. चाळीस वर्सं झाले मी गाऊन राह्यलो. लोकं देवरावले आयकाले येतेत. साधना कोन, असं पुसलं त काय सांगू? आठवी फेल?"

"फेल नाही. सोडली. अन् तेच त लिवलं हाये त्याच्यात! पाटी कोनाची फुटली? तुमची?"

कोरसमधली सगळ्यात म्हातारी रुखमाबाई फिसकन हसली.

काकांनी पेटीचा भाता बंद केला. "माह्ये पयले बारा गाने माह्या उस्तादाच्या नावानं गेले. आजबी लोकं त्याच्याच नावानं गातेत. मी बोललो का कधी?"

"नाही बोलले. काहून नाही बोलले?"

काका एका काळ्या पट्टीवर बोट घासत राहिले. घासतच राहिले. मग एकदम उखडले.

"गायचं असन त गाय, नाही त घरी जाय. मशीन वाट पाहून राह्यली तुही!"

साधनाची चप्पल दारातच होती. दोन पावलं टाकली असती तर बाहेर. पण गाणं इथंच राहिलं असतं, या माणसाजवळ. ती कोरसमधल्या आपल्या जागी धपकन बसली. रुखमाबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाजूच्या बाईला फक्त कोपरानं ढोसलं. त्या बाईनं पुढचीला.

गाणं पुन्हा सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. कोरस असा उठला की संघर्ष घामाघूम होऊन हसायला लागला. गाणं चांगलं होतं, हे विहारात सगळ्यांनाच कळत होतं, आणि साधनाला तेच सलत होतं.

शेवटचं कडवं आलं. काकांनी डोळे मिटले, हात वर केला आणि आवाज ताणला, "देवराव म्हणे..."

आता ही ओळ कोरसनं उचलायची असते. सातही बायांनी ओठ घट्ट मिटून घेतले. रुखमाबाईनं तर तोंडाला पदरच लावला. ढोलकी एकटीच वाजत राहिली.

आणि तिच्यावर एकच आवाज चढला. बारीक, अगदी सुरात. दहा वर्षांची असल्यापासून काकांच्या मागून ओळ उचलायची सवय लागलेला.

"देवराव म्हणे..."

रुखमाबाईनं वळून पाहिलं. साधनाचं तोंड अजून उघडंच होतं.