नऊची आकडी

"थांबा मॅडम, ती बशी उबेला ठेवू नका!"

मावशी एवढ्या मोठ्यानं बोलल्या की त्यांच्या त्याच दचकल्या. कृषी महाविद्यालयातली ही बियाण्यांची खोली भरदुपारीही पेंग आणणारी. एका भिंतीला थंड कपाट घुमत असायचं, समोरच्या भिंतीला उबेचं, आणि मधल्या फळ्यांवर हजारो पाकिटांत बिया गाढ झोपलेल्या. मावशींची इथं बदली होऊन चारच दिवस झाले होते. आधीची सगळी नोकरी पलीकडच्या इमारतीत, माती तपासायच्या काचेच्या नळ्या विसळण्यात गेली. इथं आल्यापासून त्या पावलांचा आवाजही होऊ देत नव्हत्या, उगाच कुणाची झोपमोड नको.

मॅडमचा हात उबेच्या कपाटाच्या दारावर तसाच राहिला. वयानं मावशींच्या लेकीएवढ्या, पण खोलीच्या मालकीण त्याच. बशीत ओली वाळू होती आणि वाळूत एका रानवेलीच्या बावीस बिया. पाण्याच्या थेंबावाचून अख्खा उन्हाळा काढणारी वेल म्हणून तिचं एवढं कौतुक. पण ज्या डोंगरावर ती सापडली, तो खडीसाठी फोडून कधीच सपाट झाला होता. आजवर पाकिटातल्या जेवढ्या बिया पेरून पाहिल्या, तेवढ्या कुजल्या. आता उरल्या त्या एवढ्याच.

"काय झालं मावशी?"

मावशींनी टेबल पुसता पुसता उचललेला पिवळट कागद पुढे केला. दहा दिवसांपूर्वी मॅडमनी पाकीट शेवटचं झटकलं तेव्हा तो तळातून पडून टेबलावरच राहिला होता. "हे आमच्या ह्यांचं अक्षर आहे."

"ते इथं होते?"

"इथं कसले! कायम फिरतीवर. वर्षातले सहा महिने बिया गोळा करत रानोमाळ. हे गेले, त्याला आता सात वर्षं होतील."

मॅडमनी कागद उजेडात धरला. 'ओल्या वाळूत, थंडीत १० दिवस. मग उबेला.'

"बरोबर आहे की. कॉम्प्युटरमध्येही हेच उतरवलंय. दहा दिवस आज भरले."

"ते दहा नाहीत. नव्वद आहेत."

"मावशी, हा एक आहे. स्वच्छ दिसतोय."

"ह्यांचा नऊ असाच दिसतो. नऊला आकडी द्यायचा भारी कंटाळा त्यांना."

मॅडम हसल्या नाहीत. "आणि नव्वद दिवस ओलीत ठेवून बुरशी आली तर? मग सगळंच संपलं. नुसत्या अंदाजावर मी एवढं कसं करू?"

खरंच होतं ते. चुकलं तर ह्यांच्या हातच्या शेवटच्या बिया आपल्याच तोंडानं मातीत घातल्यासारखं होणार होतं. कपाटं घुमत राहिली. त्या आवाजात मावशींना झापड आल्यासारखं झालं, आणि डोळ्यांपुढे तो जुना रस्ता आला. पांढरा, उन्हानं डोळे दिपवणारा.

"अंदाज नाही हो," त्या म्हणाल्या. "लग्नाला दोन महिने झाले होते. ह्यांचं पत्र आलं, 'एक तारखेला दुपारच्या गाडीनं येतो.' मी आपली एक तारखेला नीट केस विंचरून स्टँडवर. गाडी आली, हे नाहीत. दोनला गेले, तीनला गेले. सासूबाई म्हणाल्या, अगं वेडी का काय तू. पण मी रोज जात होते. पुढे पुढे तर उन्हात उभ्या उभ्या मला गाडीच्या आधीच हे उतरताना दिसायचे, पुसट पुसट. आणि नवव्या दिवशी खरंच उतरले! काखेत शेंगांची पिशवी, तोंडभर हसू. मी रडकुंडीला आलेली. तर मलाच म्हणतात, 'अगं, नऊ लिहिलं होतं!'"

"मग?"

"मग काय, भांडले कडाडून. पत्र नाकासमोर नाचवलं. तर म्हणे, 'आकडी राहिली वाटतं. पण तू उभी होतीसच ना?'"

मॅडमनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, मग मावशींकडे. त्यांनी उबेच्या कपाटाचं दार लावलं आणि बशी परत थंड कपाटात सरकवली.

"अजून ऐंशी दिवस," त्या म्हणाल्या. "जीव टांगणीला लागणार आपला."

"मला सवय आहे," मावशी म्हणाल्या.

ऐंशी दिवस मावशींनी ते कपाट एकदाही उघडलं नाही. रोज दुपारी फक्त दारावर तळहात टेकून उभ्या राहायच्या, आणि थंडगार पत्र्याआडून त्यांना तो पांढरा रस्ता दिसायचा. मग बशी उबेला गेली. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पाचव्या दिवशी मॅडमनी नुसती मान हलवली. सहाव्या दिवशी त्यांनी दारातूनच मावशींना हाक मारली.

मावशी फडकं टाकून धावल्या. चष्मा सावरून बशीवर वाकल्या. एकवीस बिया होत्या तशाच होत्या. कडेची एक मात्र फुटली होती. तिच्यातून इवलासा पांढरा मोड बाहेर आला होता आणि टोकाशी वळून त्यानं छान आकडी घेतली होती.

मावशींचे डोळे भरून आले. बाकीच्यांची झोपमोड होणार नाही इतक्या हळू आवाजात त्या मोडाला म्हणाल्या, "आत्ता जमली होय हो तुम्हाला?"