एकोणीस माणसांची मंडळी

“एकोणीस माणसं,” पाळक शांतवन खंडारे पत्रातून वर न पाहता म्हणाले. “त्यातली चौदा सत्तरीच्या पुढची.”

टेबलाच्या अलीकडे प्रणाली बसली होती. तिचं दोन वर्षांचं प्रशिक्षण मागच्याच आठवड्यात संपलं होतं.

अमरावतीच्या त्या संस्थेत दोन खोल्या समोरासमोर होत्या. एकीत ख्रिस्ती मंडळ्यांचे पुढारी घडत. उपदेश कसा करायचा, आजाऱ्याजवळ किती वेळ बसायचं, दोन घरांतलं भांडण कसं मिटवायचं, हे तिथे शिकवत. दुसरीच्या दारावर ‘विदेश साहाय्य’ अशी पाटी होती. पूर्वी या दोन खोल्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसे. मग एका गावाला शिलाई मशिनी दिल्या आणि त्या दोन वर्षं खोक्यातच राहिल्या. खोकी उघडून बायकांना एकत्र बसवणारं तिथे कोणी नव्हतं. तेव्हापासून ठरलं, आधी माणूस तयार करायचा आणि मदत त्याच्याबरोबर पाठवायची.

“गाव डोंगरात आहे,” खंडारे वाचत राहिले. “खाण बंद पडल्यावर तरुण माणसं शहरात गेली. बस दिवसातून दोनदा. चार वर्षांपासून पाळक नाही. प्रार्थनामंदिराचं छत गळतं, म्हणून उपासना कोणाच्या तरी घरात होते.”

भातकुलीच्या मंडळीतले वडीलधारे नत्थुजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. संस्थेच्या कमिटीत त्यांच्या शब्दाला वजन होतं.

“छत होईन दुरुस्त,” ते म्हणाले. “पन तिथं राहाले कोनी तयार होत नाई. दोघाइले विचारलं. दोघंबी नाई म्हनाले.”

“अकोल्याहून पण तुझ्यासाठी बोलावणं आहे,” खंडारेंनी प्रणालीला सांगितलं. “मोठी मंडळी, राहायला घर. आई जवळ राहील. दोन्हींपैकी तू ठरव.”

पत्राच्या शेवटी फोन नंबर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता प्रणालीने तो लावला. पत्र लिहिणाऱ्या बाईनेच उचलला. तिचे उच्चार अनोळखी होते. अर्धं बोलणं प्रणालीला दोनदा विचारून घ्यावं लागलं. बाईचा अजून नाश्ताही झाला नव्हता. आमच्याकडे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, असं म्हणून ती हसली.

“तुम्ही येणार नाही, हे मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण फोन केलात, बरं वाटलं.”

फेब्रुवारीत तिची शेजारीण वारली होती. एकटीच राहायची. चौथ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं.

प्रणाली त्याच संध्याकाळी वलगावला घरी गेली. आई, मनकर्णाबाई, अंगणात तूर पाखडत होती. तिचे गुडघे दुखत, म्हणून ती स्टुलावर बसली होती. प्रणालीने अकोल्याचं सांगितलं, तेव्हा ती खूश झाली. दुसऱ्या गावाचं सांगितलं, तेव्हा सूप खाली ठेवलं.

“येवढ्या दूर? काहून?”

“तिथं कोनी नाई, आई. अकोल्यात मी नसली तर दुसरं कोनी भेटन त्याइले.”

“अन् मले कोन भेटन?”

प्रणाली खाली सांडलेली तूर वेचू लागली.

“चिखलदऱ्याच्या थंडीत खोकला होते तुले,” मनकर्णाबाई म्हणाली. “तिथं त त्याहून थंडी. बोली वेगळी, खानं वेगळं. आपली जात-पात, सोयरं-धायरं, कोनी नाई. तुले सांगून ठेवतो, मी नाई पाठवत.”

नंतर दोघी जेवायला बसल्या. प्रणालीने सहज सांगावं तसं शेजारणीचं सांगितलं. मनकर्णाबाईचा घास हातातच राहिला.

“चार दिवस?”

“हो.”

“दूधवाला नाई आला? बाजूचं कोनी हाक नाई मारली?”

“नाई.”

“आपल्या इथं कोंबडी हरपली तरी अर्धं गाव धुंडाळते,” मनकर्णाबाई म्हणाली. तिने ताट बाजूला सरकवलं आणि पुढे जेवली नाही.

सकाळी तिने जुनी लुगडी काढली. वलगावच्या आणि भातकुलीच्या मंडळीतल्या बायका महिनाभर दुपारच्या जमत राहिल्या. मांडीवर घ्यायच्या लहान गोधड्या शिवल्या, एकोणीस. नत्थुजींनी ज्वारीचा हंगाम झाल्यावर दोन्ही मंडळ्यांतून छतासाठी दान जमवलं. अकोल्याला नकार कळवला गेला.

कागद यायला वेळ लागला. ते आले तेव्हा ऑगस्ट संपत होता. रविवारच्या उपासनेत खंडारेंनी प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवून तिला पाठवण्याची प्रार्थना केली. तीन वर्षांसाठी. मनकर्णाबाई पहिल्या रांगेत होती आणि शेवटपर्यंत रडली नाही.

बडनेरा स्टेशनवर मुंबईची गाडी अर्धा तास उशिरा होती. गोधड्यांचं गाठोडं मध्ये ठेवून सगळे बाकाभोवती उभे होते. प्रणाली पाण्याची बाटली घ्यायला गेली. बाकावर बसलेल्या एका बाईने मनकर्णाबाईकडे पाहिलं.

“पोरगी मुंबईले चालली का? नोकरी लागली?”

“मुंबईहून इमान आहे तिचं,” मनकर्णाबाई म्हणाली. “विलायतले जाऊन राहिली. तिथल्या गोऱ्या म्हाताऱ्याइले पाहाले कोनी नाई.”