दहावी कुंडी

मिलोयकाने नऊ नावं लिहिली आणि दहाव्या कुंडीपाशी येऊन ती थांबली. पुन्हा तीच.

काचघरात जुलैचा उकाडा कोंडला होता. लांब टेबलावर दहा कुंड्या, दहाही निळ्या-जांभळ्या. न जाणणाऱ्याला सगळ्या सारख्याच. दहाच्या दहा नावं बरोबर आली तरच काचघराची जबाबदारी मिळणार होती. मिलोयका अकरा वर्षं बाहेरच्या खडकबागेत राबत होती. डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्यात बोटं फुटेपर्यंत तण उपटत होती. नऊ घंटाफुलं तिने नुसत्या पानांवरून ओळखली असती. घोडं अडायचं ते या दहाव्यापाशी.

बागेचे संचालक डॉक्टर पिर्नात त्याला रांगतं घंटाफूल म्हणत. बागेत एकदा शिरलं की ते हटत नाही, तेव्हा माळ्याला ओळखता आलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मिलोयकाच्या मते मुळात ते घंटाफूलच नव्हतं. तिने एकदा फूल चिरून पाहिलं होतं. आत मधल्या दांडीच्या बुडाशी बारीक बांगडीसारखं कडं होतं. घंटाफुलाला ते नसतं, त्याच्या चुलत घराण्यातल्या फुलाला असतं. तिने दोन वर्षं परीक्षेत तसंच लिहिलं. दोन्ही वर्षं डॉक्टरांनी त्यावर लाल फुली मारली.

पहिल्या वर्षी तिच्याच हाताखाली शिकलेला ग्रेगोर पास झाला. दुसऱ्या वर्षी बाहेरची कुणी बाई. दोघंही जास्त पगारासाठी ऑस्ट्रियात निघून गेले. पण इथे होते तोवर, रोपं कुजायला लागली की काचघराच्या खिडकीतून हाक यायची ती मिलोयकालाच.

सकाळी नवऱ्याने, लोय्झेने, तिच्यापुढे कॉफी आदळली होती. "लिही की एकदाचं त्याला हवं ते! नाव चुकलं म्हणून झाड काही कोर्टात जात नाही."

"आणि खरं काय ते?"

"खरं घेऊन बस मग पुढच्या हिवाळ्यातही बर्फ उकरत!"

टेबलाच्या टोकाला डॉक्टर बसले होते, शेजारी बाहेरून आलेले दोन परीक्षक. डॉक्टर तिच्याकडेच टक लावून पाहत होते. बघू या, यंदा कशी नमत नाही, असंच जणू त्यांना म्हणायचं होतं. मिलोयकाच्या कानशिलांत रक्त चढलं. तिने 'रांगतं घंटाफूल' असं इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.

"घ्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नावं मोठ्याने वाचली. नऊ बरोबर. दहाव्याला त्यांचा आवाज थांबला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर माझंच आहे. तुम्हाला हवं तेच आहे. आता तरी झालं ना समाधान?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गेल्या वर्षी परीक्षेनंतर मी ते फूल चिरून पाहिलं," ते म्हणाले. "कडं होतं. दोन्ही वर्षं तुमचंच बरोबर होतं. माफी मागायला जीभ रेटली नाही. म्हटलं, यंदा तीच कुंडी ठेवू, तुम्ही तेच लिहाल आणि मी सगळ्यांसमोर बरोबर देईन." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. नेमणुकीचं पत्र होतं. त्यावर तिचं नाव टाइप केलेलं होतं.

त्यांनी परीक्षकांकडे पाहिलं. त्यांतल्या एकाने दहाव्या उत्तरावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी लाल पेन्सिल उचलली आणि फुली मारली. मग त्यांनाच राहवलं नाही.

"अहो, पण तुम्हाला ठाऊक होतं! फूल समोर होतं!"

"यंदा मी फुलाकडे पाहिलंच नाही, डॉक्टर," मिलोयका म्हणाली. "तुमच्याकडे पाहिलं."